येडगावच्या मोटारी आणि माझी घरघर

हुश्श! सुटलो एकदाचा! मित्रांनो, माझ्या गोष्टीचा शेवट गोड आहे हे मी आधीच सांगून टाकतो. मधे एक जागा अशी येते, की तिथे तुमचाही जीव टांगणीला लागेल. तेव्हा ही पहिली ओळ आठवा आणि पुढे वाचत राहा.

मी कोण? मी एक जुना अ‍ॅम्प्लिफायर. लोखंडी पेटी, पुढे चार बटणं, मागे जाळी आणि जाळीच्या आत काचेचे चार व्हॉल्व. वीज मिळाली की हे व्हॉल्व कंदिलासारखे तांबूस उजळतात आणि मग माझ्या माईकशी कुणी नुसतं कुजबुजलं तरी मी ते गावभर करतो. हल्लीच्या अ‍ॅम्प्लिफायरांच्या पोटात असले दिवे नसतात. बिचारे!

मुंबईच्या कारखान्यातून मी एसटीच्या टपावर बसून नारायणगावात आलो, तेव्हा माझा रंग आकाशी होता. मला विकत घेतलं होतं गेणभाऊंनी. त्यांनी त्याच महिन्यात 'भैरवनाथ साऊंड सर्विस' अशी पाटी रंगवून घेतली होती आणि पाटीखाली मला ठेवून फोटोही काढला होता. नारायणगाव म्हणजे तमाशाचं गाव. फडांच्या राहुट्या पडल्या की गावोगावचे पुढारी सुपारी द्यायला यायचे आणि जाताना आमच्या दुकानात डोकावून म्हणायचे, "गेणभाऊ, डबा तुमचाच पायजे बरं का!" डबा म्हणजे मी! ढोलकीवर थाप पडली की ती शेवटच्या ओळीतल्या माणसाच्या पोटात वाजली पाहिजे, आणि ती मी वाजवायचोच. त्या दिवसांत गेणभाऊ मला स्वतःच्या उपरण्याने पुसायचे.

पण मला एक दुखणं होतं. कधीकधी माझा आवाज घरघरायचा. साधासुधा नव्हे, विहिरीच्या तळातून ट्रक वर चढतोय असा! आणि गंमत अशी, की दुकानात तपासायला घेतलं की मी एकदम साफ. दवाखान्याच्या पायरीवर पोचताच ताप उतरतो ना, अगदी तसं. आळेफाट्याच्या एका मेकॅनिकने मला दोनदा उघडलं, दोनदा बंद केलं आणि शेवटी म्हणाला, "भाऊ, याला कायबी झालेलं न्हाई. याचा सोभावच तसा हाय." खरं कारण त्यालाही कळलं नाही, गेणभाऊंनाही नाही आणि मलाही नाही.

तमाशात घरघर खपून जायची. लग्नात कशी खपणार? एकोणीसशे पंच्याण्णव साली आंबेगाव तालुक्यात एका मळ्यातल्या लग्नात ऐन मंगलाष्टकात मला घरघर लागली. भटजींचा 'सावधान' माझ्या तोंडून असा निघाला, की पहिल्या रांगेतलं एक बाळ किंचाळून रडायला लागलं. नवरदेवाचे मामा उठून ओरडले, "ओ साऊंडवाले! मंगलाष्टका म्हणताय का ट्रॅक्टर चालू करताय?" सगळा मांडव हसला. अक्षता टाकायच्या सोडून लोक माझ्याकडे बघत होते. गेणभाऊंनी मान खाली घातली. परतीच्या टेम्पोत त्यांनी मला पुसलं नाही.

पुढच्याच महिन्यात दुकानात नवा अ‍ॅम्प्लिफायर आला. काळा, चपटा, वजनाला हलका. मी माळ्यावर गेलो.

मित्रांनो, माळ्यावरची आठ वर्षं मी थोडक्यात उरकतो, कारण तिथे घडलं काहीच नाही. शेजारी फुटके भोंगे होते. एका उंदरिणीने माझ्या मागच्या जाळीपाशी संसार थाटला होता. खालून नव्या अ‍ॅम्प्लिफायरचा स्वच्छ आवाज यायचा आणि मी मनाशी एकच मागणं मागायचो: देवा, एकदाच, फक्त एकदाच मला असा स्वच्छ आवाज दे. ही मागणी लक्षात ठेवा हं. ती पुरी झाली आणि तेव्हाच सगळा घोटाळा झाला!

दोन हजार तीनच्या एप्रिलमध्ये गेणभाऊंनी माळा झाडायला काढला. भंगारवाला दारात उभा होता आणि मला त्याच्या हातगाडीवर चढवलंसुद्धा होतं. तेवढ्यात गेणभाऊंची भाची तेजस्विनी आली, येडगावची. दहावीची परीक्षा नुकतीच संपलेली, केसांना तेल नाही, चप्पल एका पायात जरा सैल, आणि पाठीवर कापडी पिशवीत गिटार.

"मामा, हा चालतो का?"

"चालतो गं तेजे, पण त्याच्या घशात बेडूक हाय. काय करती त्याला?"

"बेडूकच पाहिजे मला!" ती म्हणाली आणि हातगाडीवरून मला उचलायला गेली. माझं वजन तिला ठाऊक नव्हतं. दोघंही पडता पडता वाचलो. भंगारवाला हसून म्हणाला, "ताई, नेऊ तरी द्या आमाला कायतरी!" त्याला दोन फुटके भोंगे मिळाले आणि मला येडगाव मिळालं.

येडगावात तेजस्विनीच्या वडिलांची, म्हणजे सोपानअण्णांची पोल्ट्री होती. कोंबड्यांची एक बॅच विकली, की शेड धुऊन, चुना मारून, दोनतीन आठवडे रिकामं ठेवतात आणि मग नवी पिल्लं आणतात. शेड सध्या रिकामं होतं. तिने मला तिथे नेलं, गिटारची वायर माईकच्या भोकात खुपसली, आणि एक तार छेडली.

घर्र्र्र्र्र...

मला वाटलं, झालं, आता ही पण मला टाकणार. पण ती चक्क नाचायला लागली! पुन्हा छेडली. पुन्हा नाचली. "ऋषीदादा! अरे ये लवकर! सापडला! हाच तो आवाज!"

ऋषी तिचा आतेभाऊ, पुण्यात इंजिनिअरिंगला. त्यानेच होस्टेलवरून तिला स्टोनर रॉकच्या कॅसेट आणून दिल्या होत्या. स्टोनर रॉक म्हणजे काय, हे मलाही तेव्हाच कळलं. हे गाणं घाई करत नाही. जड असतं, संथ असतं, भरलेला ट्रक पहिल्या गिअरमध्ये घाट चढतो तसं चढतं, आणि त्यातली गिटार स्वच्छ वाजून चालतच नाही, ती घरघरायलाच हवी! परदेशात त्या नावाला नशेचा वास आहे म्हणे. आमच्या पोरांची नशा म्हणजे नारायणगावची मिसळ आणि वर उसाचा रस.

तिसरा होता सुदर्शन. त्यांच्या घरी पूर्वी मोठा मेंढवाडा होता, आता वीसेक मेंढरं उरली होती, आणि ती त्याची आजी ठकूबाई राखायची. सुदर्शन आजोबांचा ढोल वाजवायचा. पाठीत वाकून असा एकेक टोला द्यायचा, की जाळीवरचा चुना खाली पडायचा. त्याला झांजेची जोड आणि खाद्याचं एक रिकामं पिंप. झाला ड्रमसेट! बँडचं नाव ठरलं 'जड वाहन'.

त्यांना कॅसेट काढायची होती. सहा गाण्यांची, स्वतःची. ऋषीने मित्राकडून रेकॉर्डिंगचं छोटं मशीन मागून आणलं. शेडच्या जाळ्यांना बारदानं टांगली, म्हणजे आवाज घुमणार नाही. दुपारी शेतीची थ्री फेज वीज आली की रेकॉर्डिंग, चार वाजता ती गेली की बंद. अशी पाच गाणी झाली आणि पाचही गाण्यांत मी घरघरलो. आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझ्या घरघरीसाठी टाळ्या वाजवत होतं. मी तर विरघळून गेलो!

सहावं गाणं राहिलं होतं. त्याचं नाव 'पहिला गिअर'. नऊ मिनिटांचं. ते बांधलंच होतं सुदर्शनच्या ढोलासाठी. आणि हाताशी राहिला होता एकच दिवस, रविवार. सोमवारी शेडमध्ये तीन हजार पिल्लं येणार होती आणि मंगळवारी सुदर्शन लष्करात हजर होणार होता. तो गेला की मग ढोल नाही, गाणं नाही, कॅसेट नाही. तेजस्विनीने शनिवारी बारदानाची गाठ मारताना मला हळूच सांगितलं, "उद्या दगा देऊ नको रे. हे जमलं नाही ना, तर परत कुणी मला विचारणार नाही आणि मीपण परत धाडस करणार नाही." मी काय बोलणार? माझे व्हॉल्व तेवढे लुकलुकले.

रविवार उजाडला. मे महिन्याचं ऊन. त्या दिवशी गेणभाऊपण मुद्दाम नारायणगावहून जीपने आले, भाचीचं रेकॉर्डिंग बघायला. बारा वाजता थ्री फेज आली. शेडमधला बल्ब असा लखलखला, की सगळ्यांनी डोळे मिचकावले. तेजस्विनीने गिटार गळ्यात घातली, सुदर्शनने दोरी ताणली, ऋषीने बोट वर केलं आणि तिने तार छेडली.

टिंग.

स्वच्छ! गुळगुळीत! नुकत्याच घासलेल्या तांब्यासारखा आवाज! माझाच मला खरा वाटेना. आठ वर्षं माळ्यावर जे मागितलं होतं, ते आज मिळालं होतं. खोटं कशाला बोलू, पहिला एक क्षण मला आनंदच झाला. गेणभाऊ तर उडालेच. "अगं बाई! काय गोड बोलतोय बघ! आज यावं म्हणावं त्या नवरदेवाच्या मामानं!"

पण तेजस्विनीचा चेहरा पांढरा पडला होता.

तिने वायर बदलली. टिंग. माझी चारही बटणं फिरवली. टिंग टिंग. ऋषीने माझे व्हॉल्व रुमालाने धरून हलवून बघितले, मला जोराने चापटही मारली. मी जीव तोडून घरघरायचा प्रयत्न केला. पण घरघर काही मागून येत नाही. एक वाजला. दोन वाजले. सुदर्शन ढोलावर डोकं टेकून बसला होता.

"आळेफाट्याहून मेकॅनिक आणू का?" ऋषी म्हणाला.

"आणून काय सांगणार त्याला? चांगला चालतोय, बिघडवून दे म्हणून?" तेजस्विनी म्हणाली आणि हसायला गेली, पण तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "दोन वर्षं घरात ऐकतेय मी. पोरीची जात, गिटार कशाला. आता म्हणतील, बघा."

तेव्हा मला कळलं, मित्रांनो. जी गोष्ट मी आयुष्यभर लपवायला बघत होतो, तीच या पोरीला हवी होती. आणि नेमकी तीच माझ्याकडे नव्हती.

सव्वादोनच्या सुमाराला ठकूबाई आल्या. नातवाचा घरचा शेवटचा दिवस म्हणून त्यांनी भाकरी, पिठलं आणि लोटाभर ताक आणलं होतं. मेंढरं बाहेर बाभळीखाली. त्यांनी सगळ्यांची तोंडं बघितली. "काय रं, कोन मेलं?"

सुदर्शनने सांगितलं, "आजी, ह्यो डबा आज गुरगुरतच न्हाई."

ठकूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मग वर बल्बकडे बघितलं. मग परत माझ्याकडे. "पोटभर खाल्लेलं कुत्रं गुरगुरतं व्हय कदी?"

"म्हणजे?"

"अगं पोरी, तीन दिस मी त्या बाभळीखाली बसून ऐकतीया. दिवा मिनमिनला की ह्यो गुरगुरतो. दिवा फुलला की गप. आज दिवा बघ की, देवळातल्यासारका हाय! लाईट पोटभर मिळाली त्याला. आता कशाला गुरगुरंल?"

ऋषीने कपाळावर हात मारला. "व्होल्टेज! अरे आपलं शेड लाईनच्या शेवटच्या खांबावर आहे. गावाच्या पाण्याच्या मोटारी चालू झाल्या की इथं व्होल्टेज पडतं, आणि म्हणून हा घरघरतो!" इंजिनिअरिंगच्या तीन वर्षांत जे त्याला सुचलं नव्हतं, ते मेंढरं राखता राखता ठकूबाईंना सुचलं होतं. आणि मलाही माझ्या दुखण्याचं कारण वयाच्या तिशीत कळलं! मळ्यातलं लग्न, पाण्याची वेळ, चालू मोटारी. दुकानात साफ, मांडवात घरघर. सगळा उलगडा झाला.

"पण मग आज मोटारी का बंद आहेत?" तेजस्विनी म्हणाली. "मे महिन्यात? टोमॅटोची रोपं लावलेली असताना?"

तेव्हा दारात उभे असलेले सोपानअण्णा खाकरले. ते गेले दोन तास तिथेच उभे होते, आणि आता त्यांना पळून जायला जागा नव्हती.

"मीच सांगितलं व्हतं," ते म्हणाले. "काल देवळाम्होरं. म्हनलं, पोरीचं रेकॉर्डिंग हाय, उद्या दुपारी कुनी मोटारी चालवू नका, पोरांना लाईट फुल मिळू द्या. समद्यांनी ऐकलं, गं. कुनी न्हाई म्हनलं न्हाई. म्हनलं, तुला सांगायचं न्हाई, आपसूक कळंल."

मित्रांनो, हे ऐकून तेजस्विनी रडावं की हसावं अशी उभी राहिली. ज्या अण्णांनी दोन वर्षं गिटारकडे नीट बघितलंही नव्हतं, ते तिच्यासाठी देवळापुढे उभं राहून बोलले होते. आणि ऐन उन्हाळ्यात आख्ख्या येडगावाने आपली रोपं तहानलेली ठेवली होती! चूक होती, पण काय सुंदर चूक!

"अण्णा!" ती म्हणाली. "तुम्ही पण ना!" आणि तिने त्यांना घट्ट मिठी मारली. मग एकदम बाजूला झाली. "वाजले किती?"

अडीच. चारला थ्री फेज जाणार. मळे लांबलांब. सोपानअण्णा मोटरसायकलला किका मारायला लागले, सुदर्शन चपला घालायला लागला. तेवढ्यात गेणभाऊ ओरडले, "थांबा रं! येड्यांनो, साऊंड सर्विसवाला हितं उभा हाय आनि तुमी निरोप द्यायला पळताय?"

जीपमध्ये त्यांचा भोंगा होताच. तो तर ते नेहमीच बरोबर ठेवायचे. पाच मिनिटांत तो शेडच्या पत्र्यावर चढला, वायर माझ्या पाठीत आली, आणि माईक तेजस्विनीच्या हातात.

"येडगावकरांनो! मी सोपानरावांची तेजस्विनी बोलतेय. तुम्ही मोटारी बंद ठेवल्या, तुमचे लई लई उपकार. पण आता कृपा करून मोटारी चालू करा! सगळ्या चालू करा! ज्याच्या घरी दोन आहेत त्याने दोन्ही चालू करा! माझं गाणं अडलंय!"

आणि मित्रांनो, माझा तो आयुष्यभर मागितलेला स्वच्छ आवाज कुकडी नदीवरच्या धरणाच्या पाण्यावरून पार पलीकडच्या काठापर्यंत गेला. एकेक अक्षर सुटं, एकेक शब्द साफ. देवाने तो मला फुकट दिला नव्हता. या एका निरोपासाठी दिला होता.

आम्ही बल्बकडे बघत बसलो. काहीच होईना. मग बांधावरून कुणीतरी हाक दिली, "अगं पोरी, नक्की का? मागनं म्हनशील बंद करा!"

"नक्की, काका, नक्की!"

दूर एक मोटार हुंकारली. बल्ब जरासा हलला. दुसरी. तिसरी. धरणाकडची मोठी दहा हॉर्सपॉवरची मोटार सुरू झाली आणि बल्ब पिवळा पडला. मग नारिंगी. मग त्यातली तार मोजता येईल इतका मंद. कधी नव्हे ते त्या मिणमिणत्या बल्बला लोकांनी टाळ्या वाजवल्या! माझ्या पोटात काहीतरी खाली खाली गेलं, खोल, जुन्या ओळखीच्या जागी.

तेजस्विनीने तार छेडली.

घर्र्र्र्र्र...

हुश्श! सुदर्शन इतका खूश झाला, की ठेका धरायच्या आधीच एक टोला देऊन बसला. ठकूबाईंनी पाठीत धपाटा घातला. "दम धर की जरा!" आणि मग ऋषीचं बोट वर गेलं.

"चढण लागली, चढण लागली,
पहिल्या गिअरात गाडी माझी,
उतरत नाही, उलटत नाही,
हळूच निघते, पोचते गाडी..."

नऊ मिनिटं. एकदाच. एकही चूक नाही. म्हणजे, शेवटी बाहेरून एक मेंढरू ओरडलं ते आहे कॅसेटमध्ये. ते तसंच ठेवलं. घड्याळात पावणेचार झाले होते. पंधरा मिनिटांनी वीज गेली, माझे व्हॉल्व थंड होत टिकटिकले आणि मी इतका गाढ झोपलो, की दुसऱ्या दिवशी तीन हजार पिल्लांनी चिवचिवाट केला तेव्हाच जागा झालो.

कॅसेटला नाव काय द्यायचं यावर वाद झाला. ऋषीला इंग्रजी हवं होतं. तेजस्विनी म्हणाली, वीजमंडळाच्या नोटिशीत असतं ना, तेच: 'कमी दाब'. वेष्टनावर त्या मंद बल्बचा फोटो.

दसऱ्याला आळेफाट्यावर एका हॉटेलच्या आवारात प्रकाशन झालं. नारळ ठकूबाईंनी फोडला. ऐकायला कोण? जेवायला थांबलेले ट्रकवाले! त्यांनी आधी माना हलवल्या, मग कॅसेट घेतल्या. पंधरा दिवसांनी एक ड्रायव्हर नाशिकहून परत येताना मुद्दाम थांबला. "ताई, चंदनापुरीचा घाट चढताना लावली व्हती. गाडीला सोबत झाली बघा. अजून चार द्या, दोस्तलोक मागत्यात." आणि सुदर्शनचं पत्र आलं: "पहाटे पळताना डोक्यात तोच ठेका चालू असतो. त्या ठेक्यावर पळालो की शेवटून पहिला येतो, उस्ताद ओरडतात, पण दमत मात्र अजिबात नाही."

मित्रांनो, आता मी तेजस्विनीच्या खोलीत राहतो. माझ्यावर गेणभाऊंचं जुनं उपरणं पांघरलेलं असतं, आणि त्यावर तिने चिठ्ठी टाचली आहे: 'विचारल्याशिवाय दुरुस्त करू नये.' माझंही तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. जुन्या वस्तूंवरची धूळ पुसा, त्यांना उंदरांपासून जपा, भंगाराच्या गाडीवर चढवण्याआधी एकदा वाजवून बघा. पण त्यांच्यातली खोड काढायला हात घालण्याआधी थांबा. ती खोड कुणाच्या तरी गाण्याची सुरुवात असेल.

अजूनही दुपारी येडगावात एकेक मोटार सुरू होते, घराघरांतले दिवे मंद होतात आणि लोक वीजमंडळाच्या नावाने बोटं मोडतात. फक्त एका घरात एक मुलगी गालात हसते, उपरणं बाजूला करते आणि गिटार गळ्यात घालते.